माजघरांतलें इंग्रजी व्याकरण

इंग्रजी व्याकरण आपल्या घरांत फार दिवस चुकीच्या दारानें येत आलें. मुलाच्या हातीं प्रथम नामाची व्याख्या पडे. ती इंग्रजींत पाठ होई. मग नामाचे पोटभेद, सर्वनामाचे पोटभेद असें पाठांतर करतां करतां वर्ष सरे. आणि अखेरीस त्या मुलाला शेजारच्या परप्रांतीय गृहस्थांकडे जाऊन ‘आमच्या घरची किल्ली आपल्यापाशीं ठेविली आहे का?’ एवढें इंग्रजींत विचारावयास सांगितलें कीं स्वारी आईच्या पदराआड होई.

हल्लीं चित्र पालटलें आहे. सुधारलें आहे असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. आतां मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातें व घडघडा बोलतें. अडखळते ती आई. तिचें शिक्षण मराठी शाळेंत झालेलें, संस्कृत घेऊन ती उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झालेली, लेखन शुद्ध, वाचन भरपूर. परंतु एखादें इंग्रजी वाक्य तिनें मनांत जुळवून उच्चारावें, आणि नऊ वर्षांच्या चिरंजीवांनीं तें पंगतींत सर्वांदेखत हंसून दुरुस्त करावें, हा प्रकार आम्हीं एकाहून अधिक सुविद्य घरांत पाहिला आहे. हंसणारें तें लेंकरूं. त्याला काय दोष द्यावा? पण त्याच्याबरोबर मोठीं माणसेंही हंसतात, आणि मग ती माउली पुन्हां तोंड उघडीत नाहीं. शाळेंत पालकांची सभा असली कीं ती यजमानांस पाठविते. परदेशीं वाढलेल्या भाच्याचा फोन आला कीं दोन शब्द बोलून तो दुसऱ्याच्या हातीं देते. भरल्या घरांत एक माणूस मुकें होतें, आणि तें मुकेपण ‘तिला इंग्रजी येत नाहीं’ या एका वाक्यावर खपून जातें.

आमचें म्हणणें असें कीं, या माउलीपाशीं इंग्रजी व्याकरणाचें भांडवल त्या चिरंजीवांपेक्षां अधिक आहे. मराठी शाळेंत ती शब्दांच्या आठ जाति शिकली : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. या आठ आल्या कोठून? यास्काचार्यांच्या निरुक्तांत पदांचे भेद चारच सांगितले आहेत : नाम, आख्यात, उपसर्ग व निपात. पाणिनीचें काम तर सुबन्त आणि तिङन्त या दोहोंवर भागतें. आठांची ही मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीची आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत हें वळण स्पष्ट दिसतें, पुढें मोरो केशव दामले यांनीं १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणां’त त्याची कसून चिकित्सा केली, तथापि शाळेंत आठ जाति राहिल्या त्या राहिल्याच. म्हणजे मराठी शाळेंत व्याकरण शिकलेल्या प्रत्येक मुलीनें इंग्रजी व्याकरणाचा सांगाडा नकळत आधींच शिकून ठेविला आहे. उणें असेल तर एवढेंच कीं, कोणत्या प्रसंगीं कोणता नियम कामास येतो याचा सराव नाहीं. आणि प्रसंग तर घरांत पावलोपावलीं पडले आहेत.

स्वयंपाकघरापासून आरंभ करूं. फळीवर एका मापाचे, एका घडणीचे डबे असतात. एका घरीं प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते : साखर, मीठ, रवा. ते कोठेंही ठेवा, चुकण्याचें भय नाहीं. दुसऱ्या घरीं चिठ्ठ्या नसतात. पण डावीकडून पहिला साखरेचा, दुसरा मिठाचा, हें घरच्यांस ठाऊक असतें. तेथें एखाद्या कामसू पाहुणीनें डबे इकडचे तिकडे केले कीं चहांत मीठ पडतें. संस्कृत हें पहिलें घर, इंग्रजी हें दुसरें. रामः रावणं हन्ति म्हणा कीं रावणं हन्ति रामः म्हणा. विसर्ग रामाला आणि अनुस्वार रावणाला चिकटलेला आहे तोंवर मरणारा रावणच. मराठींतही ‘रामानें रावणाला मारिलें’ आणि ‘रावणाला रामानें मारिलें’ यांत कोणाच्या जिवाची अदलाबदल होत नाहीं. इंग्रजींत मात्र ‘राम किल्ड रावण’ यांतले दोन डबे बदलून ‘रावण किल्ड राम’ म्हटलें कीं अवघें रामायण उलटें झालें.

इंग्रजीचें घर पहिल्यापासून असें नव्हतें. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्यापूर्वींच्या इंग्रजींत नामांस निरनिराळ्या विभक्ति होत्या आणि आपल्याप्रमाणें तीन लिंगेंही होतीं. पुढच्या कांहीं शतकांत ते प्रत्यय झिजून गेले. षष्ठीचा ‘स’ तेवढा नामाला चिकटून राहिला, आणि ‘ही’–‘हिम’, ‘शी’–‘हर’, ‘हू’–‘हूम’ अशा सर्वनामांच्या जोड्यांत जुन्या विभक्तींच्या खुणा उरल्या. चिठ्ठ्या गळाल्या म्हणून जागेला महत्त्व आलें, एवढाच याचा अर्थ. मराठी माणसाचें पहिलें इंग्रजी वाक्य बहुधा ‘कॅट मिल्क ड्रिंक्स’ असें निघतें, कारण आपलें क्रियापद घरच्या गृहिणीप्रमाणें शेवटच्या पंगतीला बसतें. इंग्रजींत तें कर्त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याच पाटावर बसतें. ‘मांजर’, ‘पितें’, ‘दूध’ अशा तीन चिठ्ठ्या करून पाटांवर मांडाव्या आणि मधली व शेवटची बदलून दाखवावी. पांच वर्षांच्या मुलासही कळतें. शब्दयोगी अव्ययांची गोष्ट अशीच : आपण ‘फळीवर’ म्हणून ‘वर’ मागें लावतों, ते ‘ऑन द शेल्फ’ म्हणून पुढें लावितात. यांत याहून अधिक गूढ कांहीं नाहीं.

प्रश्न विचारतांना येणाऱ्या ‘डू’नें मात्र विद्यार्थ्यांस जितकें छळलें तितकें दुसऱ्या कोणत्याही शब्दानें छळलें नसेल. ‘तुम्ही चहा घेतां का?’ यांत आपला ‘का’ सावकाश शेवटीं येतो. इंग्रजींत ‘डू यू टेक टी?’ म्हणून प्रश्नाची वर्दी आधींच द्यावी लागते. या ‘डू’ला येथें स्वतःचा अर्थ नाहीं. परंतु त्याच्या हातीं घराच्या किल्ल्या असतात. ‘ही टेक्स टी’ या वाक्यांत ‘टेक’च्या कमरेला ‘स’ ही किल्ली आहे. ‘डू’ पुढें आला कीं ती त्याच्या कमरेला जाते, आणि वाक्य ‘डझ ही टेक टी?’ असें होतें. भूतकाळाची किल्लीही तशीच : ‘ही वेंट’, पण ‘डिड ही गो?’ घरांत जुडगा एकच. सासूबाईंनीं तो सुनेच्या हातीं दिला कीं त्यांची कंबर मोकळी. ‘डिड ही वेंट?’ म्हणणें म्हणजे दोघींनींही कमरेला जुडगे लटकविणें. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंनीं हा नियम ऐकतांच, ‘मग आमच्या घरीं अजून डिड वेंटच चाललें आहे,’ असा शेरा मारिला! त्या घरांतल्या सुनांस हा नियम पुन्हां सांगावा लागला नाहीं.

येथवर हंसण्याखेळण्याचें झालें. पण व्याकरणाची चूक नेहमीं हंसण्यावारी नेतां येते असें नाहीं. दवाखान्यांतला प्रसंग घ्या. डॉक्टर मराठी न जाणणारे. त्यांनीं विचारिलें, ‘हॅवन्ट यू टेकन द टॅब्लेट?’ म्हणजे ‘गोळी घेतली नाहीं का?’ गोळी घेतलेली नाहीं. मराठी मनांत उत्तर उमटतें : ‘हो, नाहीं घेतली.’ यांतलें ‘हो’ विचारणाराच्या तर्काला दिलेलें आहे. तुम्ही म्हणतां तसेंच, असा त्याचा भाव. इंग्रजींतले ‘यस’ आणि ‘नो’ विचारणाराच्या तर्काकडे पाहत नाहींत, घडलेल्या गोष्टीकडे पाहतात. गोळी घेतली असेल तर ‘यस’, नसेल तर ‘नो’. मग प्रश्न सरळ असो कीं नकारार्थी असो. रुग्णानें नुसतें ‘यस’ म्हणून तोंड मिटलें तर गोळी पोटांत गेली असें डॉक्टर समजणार, आणि पुढचा उपचार त्या समजुतीवर ठरणार. उलट, घेतली असतां ‘नाहीं हो, घेतली कीं!’ या मराठी वळणानें ‘नो’ म्हटलें, तर तीच गोळी पुन्हां पोटांत जावयाची. ज्यांचीं मुलें परप्रांतीं वा परदेशीं असतात आणि ज्यांस त्यांच्याकडे जाऊन राहावें लागतें, त्या वडील माणसांनीं तरी एवढा एक नियम अवश्य घोटावा. आणि घोटूनही विश्वास वाटेना तर एकाक्षरी उत्तर न देतां पुरें वाक्य बोलावें : ‘नो, आय हॅवन्ट टेकन इट.’ पुऱ्या वाक्यांत गैरसमजाला जागा उरत नाहीं.

त्याच खोलींत दुसरा खळगा आहे तो ‘पासून’चा. आपण ‘सोमवारपासून ताप आहे’ म्हणतों आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ असेंही म्हणतों; दोहोंकडे ‘पासून’. म्हणून आपल्या तोंडून ‘सिन्स थ्री डेज’ निघतें. इंग्रजी येथें दोन गोष्टी वेगळ्या धरिते : दोरी जेथें बांधली ती खुंटी, आणि दोरीची लांबी. सोमवार ही खुंटी, तिला ‘सिन्स’. तीन दिवस ही लांबी, तिला ‘फॉर’. शिवाय मागें सुरू होऊन आतांपर्यंत चालत आलेल्या गोष्टीला नुसतें ‘आहे’ चालत नाहीं. ‘शी हॅज हॅड फीव्हर सिन्स मंडे’ असें म्हणावें लागतें. घरांत कोणाला ताप आलाच तर वहींत तापमान टिपतांना ही दोन वाक्येंही लिहावीं : केव्हांपासून, आणि किती दिवस.

भूतकाळाचें भय संस्कृत शिकलेल्यांनीं तरी बाळगूं नये. पाणिनीय परंपरेंत भूतकाळाचे लकार तीन : लुङ् हा सामान्य भूताचा, लङ् हा आजच्या नव्हे अशा भूताचा, आणि लिट् हा बोलणारानें स्वतः न पाहिलेल्या भूताचा. जी मुलगी हे तीन पचवून परीक्षा उतरली तिला इंग्रजीचा भूतकाळ काय घाबरविणार? इंग्रजी एवढेंच विचारते कीं, झालेल्या गोष्टीचा आतांशीं कांहीं संबंध आहे कीं ती मागेंच राहिली. दाराशीं पाहुणे आले. आपण विचारतों, ‘जेवण झालें आहे ना?’ ‘हॅव यू ईटन?’ हा प्रश्न वास्तविक पाट मांडण्याचा आहे. ‘काल कोठें जेवलांत?’ यांत पाट मांडावयाचा नाहीं. तेथें ‘व्हेअर डिड यू ईट येस्टरडे?’ मराठींतही ‘मी जेवलों’ आणि ‘मी जेवलों आहें’ हा भेद आहेच. अंतर पडतें तें एका ठिकाणीं. आपण ‘काल त्याला पत्र पाठविलें आहे’ असें खुशाल म्हणतों. इंग्रजींत ‘येस्टरडे’ येऊन बसला कीं ‘हॅव’ला उठावें लागतें.

आणि ‘इंग’ची खोड! ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय ॲम नोइंग हिम’ हीं वाक्यें आपल्याकडे पदवीधरांच्याही तोंडीं ऐकूं येतात. आम्ही मुलींस एक कसोटी सांगत असूं : घंटा वाजली असतां जें काम हातांतलें टाकून दाराशीं जातां येतें, त्यालाच ‘इंग’ लावावा. पोळ्या लाटणें टाकून जातां येतें. वाचणें, झाडणें, भांडणेंही टाकून जातां येतें. दोन भाऊ असणें, एखाद्याला ओळखणें, हें पोळपाटावर ठेवून दार उघडावयास जातां येत नाहीं. कसोटी सर्वस्वी बिनचूक आहे असें नव्हे, पण शंभरांतल्या नव्वद प्रसंगीं उपयोगी पडते.

‘अ’ आणि ‘द’ यांविषयीं जरा सविस्तर बोलावेंसें वाटतें, कारण या दोहोंपुढें विद्वानही हात टेंकतात. संस्कृतांत उपपदें नाहींत, मराठींत नाहींत, मग आपण तीं शिकावीं कशावरून? आमचें उत्तर : आजीच्या कहाणीवरून. आजी सांगते, ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ प्रथम आला तो ‘एक राजा’. ओळख झाल्यावर ‘तो राजा’. इंग्रजीचें ‘अ’ किंवा ‘ॲन’ हें मूळचें ‘एक’ या अर्थाच्या शब्दाचेंच झिजलेलें रूप आहे, आणि ‘द’ हें ‘तो’ या अर्थाच्या दर्शक सर्वनामाचें. तेव्हां आजी हीं उपपदें रोज रात्रीं बिनचूक वापरीत असते! भेद इतकाच कीं आपण तीं कहाणींत वापरतों, इंग्रजी माणूस तीं भाजी निवडतांनाही वापरतो. दाराशीं अनोळखी मनुष्य आला तर ‘अ मॅन हॅज कम’. रोजचा दूधवाला आला तर ‘द मिल्कमन हॅज कम’. ऐकणाराला कोणता तें ठाऊक असेल तर ‘द’, नसेल तर ‘अ’. नियम ऐकणाराच्या डोक्यांत पाहून लावावयाचा असतो, हेंच पुस्तकें बहुधा सांगत नाहींत.

‘अ’ला आणखी एक अट आहे : वस्तु मोजतां येणारी हवी. मोजणें आणि मापणें हा भेद कोठीच्या खोलींत शिकावा. केळीं मोजतात, दूध मापतात; म्हणून ‘अ बनाना’ होतें, ‘अ मिल्क’ होत नाहीं. पण दोन भाषांचें माप सर्वत्र एक नाहीं. आपण ‘तांदूळ निवडले’, ‘गहू दळले’ असें अनेकवचनीं बोलतों, इंग्रजींत ‘राइस’ आणि ‘व्हीट’ एकवचनीच. केसांचें तसेंच : आपले केस गळतात, त्यांचा ‘हेअर’ गळतो.

कांहीं ठिकाणीं पारडें आपल्या बाजूस झुकतें, आणि तेंही मुलांस दाखविलें पाहिजे. ‘आम्ही देवळांत जात आहों’ आणि ‘आपण देवळांत जात आहों’ यांतला भेद पाहुण्याला तत्काळ कळतो. पहिलें ऐकून तो बसून राहतो, दुसरें ऐकून चपला घालतो. इंग्रजीच्या ‘वी’वरून त्यानें काय करावें हें कळत नाहीं. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सारे ‘अंकल’. एकत्र कुटुंबांत ‘अंकल कॉल्ड’ असा निरोप आला तर चौघे उठून फोनकडे जातील.

आदरार्थाची गोष्ट निराळी आहे. नातवानें आजोबांविषयीं ‘ही’ म्हटलें कीं कांहीं वडील मंडळींस तें खटकतें. इंग्रजींतही एके काळीं एकट्याला ‘दाऊ’ आणि अनेकांस ‘यू’ असा भेद होता. मग मोठ्यांस आदरानें ‘यू’ म्हणूं लागले, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास ‘दाऊ’ सामान्य बोलण्यांतून मागें पडलें. म्हणजे त्या भाषेंत ‘अरे’ उरलें नाहीं, सर्वांना ‘अहो’च. राहिलेला आदर ती क्रियापदाच्या साहाय्यकांत ठेविते. आपण ‘पाणी दे’ असें बाळाला म्हणतों त्यांत माया असते. त्याचें अक्षरशः ‘गिव्ह मी वॉटर’ केलें तर तें हुकुमासारखें लागतें. ‘पाणी देतोस का?’ हें आपल्याच घरांतलें वळण घेऊन ‘वुड यू गिव्ह मी सम वॉटर?’ म्हणावें. आणि परवानगी मागावयाची तर ‘मे आय’.

आतां घरीं हें चालवावें कसें? एका पंधरवड्यांत एकच नियम आणि एकच जागा धरावी : स्वयंपाकघरांत शब्दांचा क्रम, दाराशीं ‘अ’ आणि ‘द’, औषधाच्या कपाटापाशीं ‘सिन्स’ आणि ‘फॉर’. बोलणाराचें वाक्य पुरें होईपर्यंत दुसऱ्या कोणीं तोंड घालूं नये. दुरुस्ती करावयाची तर तेंच वाक्य शुद्ध रूपानें आपल्या उत्तरांत आणावें. आईनें ‘डिड बाबा वेंट?’ विचारिलें तर मुलानें ‘डिड बाबा गो? यस, ही डिड,’ एवढेंच म्हणावें आणि पानावरची भाजी खावी. हंसणाराला मात्र एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आईला असावा : ‘कां?’ ‘गो’ कां, ‘वेंट’ कां नाहीं? शंभरांतलीं नव्वद मुलें येथें गप्प होतात. त्यांस कानानें भाषा येते, कारण ठाऊक नसतें. मग आईनें किल्ल्यांचा जुडगा सांगावा. मुलाचा कान आणि आईचें व्याकरण अशी देवघेव सुरू झाली कीं पंगतींतलें हंसणें आपोआप बंद पडतें, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’ ज्यांच्या घरीं जुन्या पेटींत पडली असेल त्यांनीं ती यानंतर काढावी. आधीं काढूं नये.

पहिला पंधरवडा आम्ही दाराचा धरावा असें सुचवितों, कारण तेथें घरांतलें प्रत्येक माणूस दिवसांतून एकदां तरी जातें. घंटा वाजली कीं जो दार उघडील त्यानें आंत हांक देऊन सांगावयाचें : ‘अ मॅन’ कीं ‘द मॅन’. आजीबाईंनाही यांतून सूट नसावी.